जबड्याखालची गाठ आणि माझे उपास

माझ्या उपासांचं आमच्या गल्लीत भारी कौतुक होतं. सोमवार, गुरुवार, शनिवार, वर चतुर्थ्या. शेजारणी म्हणायच्या, बाई, एवढं कडक कोणाला जमतं! कसलं कडक न् कसलं काय. मला जेवायची भीती वाटायची.

दोन हजार आठ-नऊचं साल असेल. आम्ही नाशिकला पंचवटीत राहायचो. पहिला घास तोंडात गेला की माझ्या उजव्या जबड्याखाली लिंबाएवढी गाठ टरारून यायची, ठणकायची आणि तासा-दीड तासात जिरून जायची. ताटात आंबट असलं तर विचारूच नका. मी सगळ्यांबरोबर जेवायला बसणं टाळू लागले. नवरा कामावर आणि सासूबाई देवळात गेल्या की ओट्यापाशी उभ्याउभ्याच कोरडी पोळी गिळायची. बाकी दिवस उपास. पाणीसुद्धा बेतानंच.

कारण ते काय आहे हे मला ठाऊक होतं. नामपूरला माझी मावशी अशाच गाठीनं गेली. कॅन्सर. ती दातांना तंबाखूची मिश्री लावायची, आणि तिचं बघून मीही लावायला शिकले होते. तिला आम्ही शेवटपर्यंत ‘दाढेचं दुखणं आहे’ असंच सांगितलं. मीच तिच्या उशाशी बसून हसत हसत सांगायचे.

एकदा गाठ जिरलीच नाही. ताप भरला, तोंडात घाण चव उतरू लागली. नवऱ्यानं ओढतच दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी झाली, डॉक्टर त्याच्याशी आत बोलले. तो बाहेर येऊन म्हणाला, “काही नाही गं, लाळेच्या नळीत खडा अडकलाय. मूतखडा असतो ना, तसाच.” आणि हसला. असंच तर मीही हसायचे.

गोळ्यांनी ताप उतरला. दुर्बिणीनं खडा काढायची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. तेवढ्या दिवसांत मी कपाटाच्या किल्ल्या कुठं असतात ते नवऱ्याला दोनदा दाखवलं. “माहेरी निघालीस की काय कायमची?” तो म्हणाला. मला काही हसू आलं नाही.

डॉक्टर म्हणाले, गळ्यावर चिरा नाही. जिभेखाली नळीचं तोंड असतं, त्यातून काडीएवढी दुर्बीण घालू. मला वाटलं, झालं, आता चिरण्यातही अर्थ उरला नाही. भूल तेवढ्या जागेपुरतीच होती. मी टक्क जागी. जबडा ताणून धरलेला, दुर्बिणीतून पाणी सोडत होते. “ताई, हवं तर पडद्यावर बघा,” डॉक्टर म्हणाले. मी डोळे घट्ट मिटून घेतले.

“हा बघा!”

उघडले डोळे. गुलाबी भुयार आणि त्याच्या टोकाला पिवळट, खडबडीत काहीतरी. डॉक्टरांनी तारेची इवलीशी जाळी आत सोडली. ते निसटलं. नाही आलं तर काय, हे विचारायला जीभ बधिर झालेली. दुसऱ्या खेपेला मात्र आलं. त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं. ज्वारीच्या दाण्याएवढा खडा. मी नखानं टोकरून पाहिला. खरंच खडा होता! मी तिथंच ढसाढसा रडले.

उपासांचं ऐकून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. “अहो, लाळ वाहती राहायला हवी. तुम्ही तर ती कोंडून घातलीत. पाणी प्या, लिंबू चोखा. आणि मिश्री बंद.”

दोन दिवसांनी मी सासूबाईंसमोर मांडी घालून वरणभात जेवले, लिंबू पिळून. गाठ आली नाही. मग मात्र राहवेना. मावशीचं, मिश्रीचं, खोट्या उपासांचं सगळं त्यांना सांगून टाकलं.

“मला म्हाईत व्हतं,” त्या म्हणाल्या. “दिवाळीपासून बघत व्हते मी तुझी गाठ.”

मला असा राग आला! “मग आई, एका शब्दानं विचारलं का नाहीत?”

त्यांनी माझ्या ताटात आणखी भात वाढला.

“विचारलं असतं,” त्या म्हणाल्या, “आन् तू खरं सांगितलं असतं तर?”