घोंगड्यांचा आहेर

गेवराईच्या वाचनालयाचे चिटणीस आप्पा हे मागून मागून थकलेले गृहस्थ होते. बाजारपेठेत त्यांचं हिंगजिऱ्याचं लहानसं दुकान होतं, पण दुकानात बसून कोणी दमत नाही. आप्पा दमले ते दुसऱ्यांच्या ओट्यावर बसून. वर्गणी मागायला गेलेल्या माणसाला लोक आधी बसायला सांगतात, मग पान देतात, मग पाऊसपाण्याच्या गोष्टी काढतात आणि तो उठायला लागला की म्हणतात, "बघू सुगीनंतर." सुगीनंतर गेलं की तेच लोक म्हणतात, "औंदा सुगीत राह्यलंच काय?" या दोन बोलण्यांच्या मध्ये आप्पांची सगळी चाळिशी गेली.

काळ निजामाच्या अमदानीतला. शाळा सरकारी आणि तिथलं शिक्षण उर्दूत. पोरं शाळेत अलिफ-बे गिरवून येत आणि घरी आईनं मराठी कागद पुढे केला की मान खाली घालत. कित्येकांच्या नशिबी तर शाळाही नव्हती. म्हणून आप्पांनी वाचनालयात पोरांची बैठक सुरू केली. बाजाराच्या दिवशी तलवाड्याकडची शेतकऱ्यांची पोरं आईबापांबरोबर येत, गावाबाहेरच्या धनगरवाड्यातली येत. आया बाजार करीपर्यंत पोरं वाचनालयात बसत, आणि आप्पा त्यांना अक्षरं शिकवत, गोष्टी वाचून दाखवत.

वाचनालयाकडे पैसा अगदीच नव्हता असं नाही. पुण्याहून वर्तमानपत्र येई, त्याची वर्गणी लोक कुरकुरत का होईना देत. कारण वर्तमानपत्र ते स्वतः वाचत. पोरांच्या पुस्तकाचं नाव काढलं की मात्र सगळ्यांचे हात वर. दोन-तीन फाटकी पुस्तकं होती, ती पोरांना इतकी पाठ झाली की आप्पा एखादी ओळ चुकले तर मागून दुरुस्ती येई. पोरं पुस्तकाकडे न बघता वाचत. ते पाहून एखादा मास्तर खूष झाला असता. आप्पा मात्र धास्तावत. नवं पुस्तक आलं नाही तर ही पोरं वाचायला शिकणार नाहीत, नुसती बोलायला शिकतील, हे त्यांना कळत होतं.

धनगरवाड्यातली बायनाबाई आपल्या नातीला, अंजनाला, बैठकीला आणून सोडायची. एकदा ती उंबऱ्याशी बसून ती पाठ झालेली गोष्ट ऐकत होती. बैठक संपल्यावर म्हणाली, "आप्पा, कावून तेच तेच वाचता?"

"दुसरं न्हाई, बाई. पुस्तकाला पैसा लागतो."

"पैसा आमच्यापाशी न्हाई," बायनाबाई म्हणाली. "लोकर हाय."

मेंढ्यांची कातरणी झाली तेव्हा वाड्यातल्या घराघरातून लोकर निघाली. ज्या बायांनी पाटी कधी हातात धरली नव्हती त्या मेंढरांमागं चालता चालता पोरांच्या पुस्तकांसाठी सूत कातू लागल्या. वाड्यातल्याच सटवानं मागावर घोंगड्या विणल्या, काळ्याभोर, दाट, पाऊस वरच्या वर झटकून टाकतील अशा. बायनाबाईनं त्या आणून आप्पांच्या पुढ्यात ठेवल्या. बाजारात विकल्या असत्या तर पुण्याहून पुस्तकांचं चांगलं गाठोडं आलं असतं, वर नाक्यावरची करोडगिरी, म्हणजे निजामाची जकातही भागली असती.

इथं आप्पांची बुद्धी फिरली. थकलेला माणूस जवळची वाट शोधतो, तसं झालं.

वाचनालयाचे अध्यक्ष मोहनराव. पाटोद्याकडे त्यांच्या जमिनी, इकडे त्यांचा शब्द. वाचनालयात ते वर्षातून एकदा, वार्षिक सभेला येत, आणि सभा दोनच दिवसांवर आली होती. आपल्याकडची रीत अशी की आहेर केला की परतीचा आहेर यायचाच, आणि तो घेणाऱ्याच्या मानाला शोभेल असा यायचा. गरिबानं पागोटं दिलं तर पाटलानं नुसतं पागोटं परतवून भागत नाही, लोक तोंडावर हसतात. आप्पांनी हिशेब केला. घोंगड्या बाजारात विकल्या तर एक गाठोडं. मोहनरावांना आहेर केल्या तर परतीच्या आहेरात पोरांची कायमची सोय. पुन्हा कुणाच्या ओट्यावर बसायला नको. बायनाबाईला विचारावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. तिच्याच नातीचं भलं होणार, त्यात विचारायचं काय?

सभेत आप्पांनी नारळ दिला आणि घोंगड्या एकावर एक मोहनरावांच्या खांद्यावर घातल्या. दाराशी धनगरवाड्यातल्या बाया उभ्या होत्या. त्यांना वाटलं मालकांनी विकत घेतल्या, आणि त्या समाधानानं घरी गेल्या.

मोहनराव खरोखर गहिवरले. "आप्पा, तुम्ही आमची इज्जत राखली," ते म्हणाले. "आम्हीही कमी पडणार नाही. लवकरच इंतजाम होईल."

इंतजाम बैलगाडीतून आला. सागवानी कपाट, काचेची दारं, वर मोहनरावांच्या वडिलांचं नाव कोरलेलं. ते आत न्यायला दाराची चौकट काढावी लागली. अर्धी खोली कपाटानं अडवली आणि पोरांची बैठक ओसरीवर आली. किल्ली मोहनरावांच्या कारभाऱ्याकडे राहिली, चांगली पुस्तकं चोरीला जाऊ नयेत म्हणून. कपाटात पुस्तक एकही नव्हतं. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं, असं आप्पा स्वतःशीच म्हणाले, आणि तरी मोहनरावांच्या घरी जाऊन आले.

"आधी कपाट, मग पुस्तकं," मोहनराव म्हणाले. "पुस्तकांचं बघू सुगीनंतर."

आप्पा नमस्कार करून परत आले. राग आला असता तर बरं झालं असतं. रागाला निदान बळ असतं.

पुढच्या बाजाराला बायनाबाई आली. ओसरीवर पोरं तीच गोष्ट घोकत होती. तिनं आप्पांना बाजूला घेतलं. "घोंगड्या इकून लई दिस झाले. पुस्तकं कवा येनार?"

"इकल्या न्हाईत, बाई. आहेरात दिल्या. त्याचं हे कपाट आलं."

बायनाबाईनं काचेला डोळा लावून आत पाहिलं. आत काही नाही हे पाहायला तिला बराच वेळ लागला. "मग कपाट इका," ती म्हणाली.

"तसं कसं? आहेराची वस्तू इकत नसतेत. देणाराची बेइज्जती होती."

"आमी घोंगड्या दिल्त्या, त्यो आहेर न्हवता?" बायनाबाईनं विचारलं. आवाज चढवला नाही, चिडली नाही. "त्या तुमी आमाला न इचारता दिल्याच की."

  आजवर आपण मागतो म्हणजे आपला मान जातो एवढंच आप्पांना ठाऊक होतं. ज्यांच्याकडून मिळालं त्यांनाही मान असतो हे सांगायला ही बाई यावी लागली. त्यांना लाज वाटली, आणि ती लाज थकव्यापेक्षा जड होती.

त्याच आठवड्यात त्यांनी पेठेतल्या एका कापडवाल्याला कपाट विकलं. कुलपाचं त्याचं त्यानं पाहून घेतलं. पैसे पुण्याला गेले आणि पुस्तकं आली, मोठ्या अक्षरांची, चित्रांची. मोहनरावांचा निरोपही आला: आप्पांनी चिटणीसपद सोडावं, आणि वाचनालय ही पोरांच्या गोंधळाची जागा नव्हे. आप्पांनी वाचनालयाच्या किल्ल्या देऊन टाकल्या. बैठक धनगरवाड्यात, मेंढरांच्या वाड्याशेजारी भरू लागली. पोरं नवी पुस्तकं वाचताना अडखळत, थांबत, बोट ठेवून पुढे सरकत. अडखळतात म्हणजे वाचतात, त्यांचं वाचणं ऐकून आप्पांना खूप वर्षांनी बरं वाटलं. आता चिटणीसपद नाही, वर्गणी नाही, कुणाचा ओटा नाही. मरेपर्यंत दुकानात बसून राहायचं त्यांनी ठरवलं.

पण पोरं कसली थांबतात. दिवाळी झाली तसा बायनाबाईनं दुकानात येऊन निरोप दिला. "समदी वाचून झाली, आप्पा. अंजी तर उलट्या बाजूनं वाचायली."

आप्पांनी तराजू खाली ठेवला. "बाई, मी थकलो. खरं सांगतो, आता मागनं व्हत न्हाई माझ्यानं. कुनाच्या दारात उभं राह्यलं की जीभच उचलत न्हाई."

बायनाबाईनं पदर कमरेला खोचला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मग ती म्हणाली, "तुमी नका मागू. मागते मी. कोन्तं पुस्तक पायजे त्ये मला सांगता यायचं न्हाई, म्हनून तुमी निसते संगं चला."

आप्पांनी पागोटं डोक्यावर ठेवलं, दुकानाला कडी घातली आणि तिच्या मागून चालू लागले. कोपऱ्यावरच्या पहिल्या ओट्यापाशी ती थांबली. आप्पांची मान सवयीनं खाली गेली, आणि बायनाबाई बोलायला लागली.