मॅट्रिकचा कौल

मॅट्रिकची परीक्षा देऊन मी लोणावळ्याला घरी बसले, तेव्हा घरात माझ्यापेक्षा माझ्या न आलेल्या मार्कांचीच बडदास्त जास्त होती. वडील स्टेशनात तारमास्तर. मोजक्या शब्दांत बोलायची त्यांना सवय. त्यांनी एकदाच सांगून टाकलं होतं, "सेकंड क्लास आला तर पुण्याचं कॉलेज. नाहीतर वराळ्याचं स्थळ." वराळ्याच्या त्या मुलाला मी पाहिलंही नव्हतं, पण त्याचा विषय निघाला की मी उठून आत जायचे. मला शिकायचं होतं. फार शिकायचं होतं.

गणितानं घात केलाय, हे मला ठाऊक होतं. हौदाला दोन नळ लावलेलं एक उदाहरण मी घरी पाटीवर पुन्हा पुन्हा सोडवलं आणि मेला हौद दर वेळी वेगळ्याच वेळेला भरला. आई मला धीर द्यायची, पण शेजारणींनी "कसे गेले पेपर?" म्हटलं की तीच आधी रडवेली व्हायची.

अशात परंदवडीहून आत्या आली. ही वडिलांची थोरली बहीण. शाळेची पायरी कधी न चढलेली, पण तिच्यापुढे वडिलांचं काही चालत नसे. माझा चेहरा बघून ती म्हणाली, "झुरतीस कशापायी? द्येवाला कौल लावू." आमच्या घरात देवानं दिलेला कौल मोडायचा नाही, असा दंडक होता. वडील लगेच तयार झाले. मला वाटतं, निकालाची वाट बघून तेही कंटाळले होते.

परंदवडीच्या देवळात गुरवानं देवाच्या छातीवर उजवीकडे एक, डावीकडे एक अशी दोन ओली फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. "मनात प्रश्न धरा, मावशी," गुरव म्हणाला. आत्यानं डोळे मिटले. बराच वेळ काहीच होईना. मग डावं फूल थोडं घसरलं आणि थांबलं. वडिलांनी जोडलेले हात आणखी घट्ट दाबले. आणि उजवं फूल टपकन खाली पडलं.

झालं! वडिलांचा मोजकेपणा त्या दिवशी संपला. हमालापासून स्टेशनमास्तरपर्यंत सगळ्यांना त्यांनी मुलीला सेकंड क्लास मिळाल्याचं सांगितलं, पेढे वाटले. निकाल लागायचाय, याची आठवण करून द्यायची छाती कुणाची झाली नाही. माझीही नाही.

मग मुंबईहून गाडीनं निकालाचा पेपर आला. माझा नंबर सेकंड क्लासात नव्हता. तो थर्ड क्लासच्या गर्दीत, अगदी खाली अंग चोरून बसला होता.

मी पास झाले याचं कौतुक करायला घरात कुणी उरलं नाही. वडील ओसरीवर बसून राहिले. निकाल ऐकायला आलेल्या आत्याला ते एवढंच म्हणाले, "अक्का, देव चुकला."

"द्येव कशाला चुकंल?" आत्या उसळली. "तुझ्या त्या किलासाचं मी कुटं इचारलं? मला त्यातलं काय कळतंय? मी इचारलं, पोरीला पुण्याला शिकाया धाडू का? द्येव व्हय म्हनला. तुझ्या म्होरं म्हनला."

आई पदर तोंडाला लावून हसू दाबत होती. मी मात्र आत्याकडे बघत राहिले, कारण तिचे डोळे भरून आले होते.

"माझ्या लग्नाच्या येळंला," ती हळू आवाजात म्हणाली, "कुनी द्येवाला इचारलं न्हाई, का मला इचारलं न्हाई."

वडील ओसरीवरून उठले. मग आईकडे वळून त्यांनी विचारलं, "माळ्यावरची ट्रंक गंजली तर नाही ना?"