फुआतिनोची रिकामी टोपली

आमच्या बसमध्ये कोणी चढलं की आधी बसलेली माणसं एकच विचारतात : कुठं निघालास? नमस्कार-चमत्कार जे काय असायचं ते त्यातच येतं. काहीही सांगितलं तरी चालतं, पण न सांगणं हे तोंड फिरवून बसण्यासारखं. बस गावातली, माणसं गावातली, आणि रस्ता एकच. दक्षिण किनाऱ्यावरून डोंगर चढून पलीकडं आपिया शहरात उतरणारा.

फुआतिनो दर शुक्रवारी सकाळी चढायची. हातात माडाच्या झावळीची टोपली, रिकामी.

‘कुठं निघालीस गं?’

‘बाजारात.’

दुपारच्या बसनं ती परत यायची तेव्हा टोपलीत अळूचे कंद असायचे. आमच्या गावात घरामागं अळू आहे, चर्चमागं अळू आहे, डोंगराच्या उतारावर नजर पोचेल तिथवर अळू आहे. इथला माणूस शहरात अळू विकायला जातो. ते विकत घेऊन येणारी फुआतिनो एकटीच.

तिची शेजारीण रूता, काडीसारखी बारीक आणि जिभेनं तेवढीच टोकदार, एकदा भर बसमध्ये म्हणाली, ‘अगं, आपली डुकरंसुद्धा अळू बघून मान फिरवतात. तू पैसे देऊन आणतेस?’

‘शहरातले मऊ असतात.’

‘शहरातले? सकाळी आपल्याच लेमेकीनं टपावरून नेलेत ते! तुझ्या डोक्यावरच होते की जाताना.’

लेमेकी म्हणजे आमचा ड्रायव्हर. त्यानं हसू दाबायला गाण्याचा आवाज वाढवला. फुआतिनो टोपलीवर दोन्ही हात ठेवून समोर पाहत राहिली. खोटं बोलताना तिचा चेहरा अगदी शांत व्हायचा. खरं बोलणाऱ्या माणसाचा तसा होत नाही.

ती मूळची पलीकडच्या किनाऱ्यावरची, कॅथलिक घरातली. तिचा बाप त्यांच्या गावात प्रार्थना चालवायचा, आई संध्याकाळी जपमाळ जपायची. आमच्या गावच्या येफाताशी लग्न झालं आणि रीतीप्रमाणे ती नवऱ्याच्या, म्हणजे आमच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये आली. आमच्याकडं बायको नवऱ्याचं चर्च घेते, त्यात कोणाला काही विचारायचं नसतं. लग्नाच्या सकाळी तिनं आपली माळ धाकट्या बहिणीच्या हातात दिली म्हणतात. त्यानंतर जन्मभर ती आमच्या चर्चमध्ये पांढरा झगा आणि पांढरी टोपी घालून बायकांच्या पहिल्या रांगेत गायली. येफाता चर्चचा कारभारी होता. गेल्या वर्षी तो गेला. त्याची जागा मुलाला, किलिफीला, द्यायचं घाटत होतं. नाताळनंतर पंच बसून ठरवणार होते.

मी आपियात समुद्राकाठच्या रस्त्यावर एका कापडाच्या दुकानात काम करतो. दुकानातून कॅथीड्रल, कॅथलिकांचं मोठं चर्च, दिसतं. जुनं पाडून नवं बांधलं तेव्हापासून ते इतकं पांढरं आहे की भर दुपारी त्याच्याकडं डोळे बारीक करूनच पाहावं लागतं. आमची बस त्याच्या दारावरूनच जाते, पुढं घड्याळाच्या मनोऱ्याला वळसा घालून बाजारात थांबते.

ऑक्टोबरमधल्या एका शुक्रवारी मी दुकानाच्या दारात उभा होतो. बाजाराच्या बाजूनं, उन्हातून, भिंतीच्या सावलीचा तुकडा जिथं मिळेल तिथं धरून, फुआतिनो चालत येत होती. कॅथीड्रलच्या ज्या दारावरून बसमध्ये बसून ती मघाशीच गेली होती, तिथंच आता पायी परत येत होती. बाजूच्या दारापाशी ती थांबली, मागं वळून रस्ता पाहिला, आणि त्या पाहण्यात मी सापडलो.

ती आत गेली. दुपार कलल्यावर मात्र सरळ माझ्या दुकानात आली आणि कापडाच्या गठ्ठ्यावर बसली.

‘पाणी आहे का रे?’

मी दिलं. तिनं सगळं प्यायलं.

‘बघितलंस ना?’

‘काय?’

‘मोठा साळसूद! कोणाला सांगितलंस तर तुझी आई माझ्या हाताखाली गायची, तिच्याकडं तुझी तक्रार नेईन.’

‘नाही सांगत काकू. पण करता काय तिथं?’

‘काही नाही. मागच्या बाकावर बसते.’ तिनं तोंड पुसलं. ‘या महिन्यात दुपारी बायका माळ जपतात. संपली की मारियेची, येशूच्या आईची, नावं गाऊन घेतात, एकामागून एक. माझी आई ते गायची, पण तिची चाल निराळी. मी लग्नाच्या दिवशी ते सगळं बंद करून टाकलं. झोपेतसुद्धा तोंडातून येऊ दिलं नाही. आता येफाता नाही. म्हटलं, बघावं आत अजून काही आहे का.’

‘आहे?’

‘आहे असं वाटतं. या बायका गातात ना, तेव्हा त्यांच्या गाण्यामागून आईची चाल येते. अगदी जवळ येते. मी तोंड उघडलं की जाते.’ ती हसली. ‘कोंबडी पकडल्यासारखं आहे.’

‘मग दारातच उतरत जा की. उन्हातून एवढं चालायचं!’

‘आणि बस थांबवायची दोरी ओढू सगळ्यांसमोर? पाळकबाईंना संध्याकाळच्या आत कळेल. मला म्हातारीला कोण काय करणार आहे? पण किलिफीचं काय होईल ते सांग. कारभाऱ्याची आईच दुसऱ्या चर्चमध्ये जाते म्हटल्यावर त्याला बसवतील का बापाच्या जागी?’

मी रिकामा पेला उचलून ठेवला.

‘पुढचा शुक्रवार गाण्याचा शेवटचा,’ उठताना ती म्हणाली. ‘महिना संपतो. मग त्या बायका मे महिन्यापर्यंत गात नाहीत. माझ्या वयाला मे लांब असतो.’

आठवडाभर मी तिच्या घरावरून जाताना कान द्यायचो. ती अंगणातली पानं झाडायची आणि तिचे ओठ मिटलेले असायचे. एखाद्या माणसाच्या आत एवढी वर्षं एक गाणं बंद राहतं तेव्हा ते तिथं काय करतं, याचा विचार माझी पाठ सोडत नव्हता. ते तसंच असतं, की अंधारात कंदासारखं वाढतं?

पुढच्या शुक्रवारी बस नेहमीपेक्षा भरलेली होती. मी मागं, एका रुंद मांडीच्या माणसावर बसलो होतो. आमच्या बसमध्ये उभं कोणी राहत नाही. जागा संपली की मांड्या सुरू होतात. पुढच्या बाकावर खिडकीशी फुआतिनो, तिच्या मांडीवर रूता, आणि रूताच्या मांडीवर फुआतिनोची रिकामी टोपली.

आमच्या चर्चपाशी बस थांबली आणि पाळकबाई, आमच्या पाळकांची बायको, चढल्या.

पाळकांची गाडी बिघडली होती. त्या एरवी बसनं जात नाहीत. मग बसमधली सगळी माणसं हलली. पुढची माणसं मागं सरकली, पोरं आणखी वर रचली गेली, लेमेकीनं गाणं बंद केलं. पाळकबाई फुआतिनोच्या शेजारी बसल्या. आता विचारण्याचा मान त्यांचा होता.

‘कुठं निघालात फुआतिनो?’

‘बाजारात, बाई.’

‘काय आणायचंय?’

बसमध्ये गाणं नव्हतं. तिचं उत्तर मागच्या बाकापर्यंत स्वच्छ ऐकू आलं.

‘अळू.’

मी ज्याच्या मांडीवर होतो त्याचं पोट हलायला लागलं. रूता खिडकीबाहेर पाहत राहिली, पण तिचे कान लाल झाले होते. पाळकबाई मात्र हसल्या नाहीत.

‘बरं झालं,’ त्या म्हणाल्या. ‘मलाही भाजी घ्यायची आहे. आपण बरोबरच जाऊ. मला बाजारातलं फारसं कळत नाही.’

‘हो, बाई,’ फुआतिनो म्हणाली.

माथ्यावर धुकं होतं. उतारावर लेमेकीनं एका घरापुढं बस थांबवून कोणाची तरी गादी उतरवून दिली. पेट्रोल भरलं. बोलणी पुन्हा सुरू झाली, किलिफीचं नावही निघालं. ‘बापासारखाच शांत आहे,’ पाळकबाई म्हणाल्या. फुआतिनोनं मान हलवली. मला मागून फक्त तिची मान दिसत होती. ती मान इतकी ताठ होती की वाटलं, तिच्या आत कोणी काही धरून ठेवलं आहे आणि बस हिंदकळली तर ते सांडेल.

समुद्र दिसला. पांढरी भिंत आली.

आणि बस थांबली.

कोणीही दोरी ओढली नव्हती. बाहेर चढणारं कोणी नव्हतं. कॅथीड्रलचं दार सरळ समोर होतं. लेमेकीनं फडकं काढलं आणि बसल्या जागेवरून हात लांब करून काच पुसायला लागला. काच स्वच्छ होती.

मी बसभर पाहिलं. समुद्र कधी पाहिलाच नसल्यासारखी सगळी माणसं समुद्राकडं पाहत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की गुपित सांभाळणारा मी एकटा नव्हतो. ज्या बसमध्ये कोणाच्या घरी रात्री काय शिजलं तेही ठाऊक असतं, तिला ही बाई वर्षभर अळू दाखवत होती, आणि बसही वर्षभर ते मऊ आहेत असं मानून घेत होती.

‘ए बाई,’ रूता तिच्या मांडीवरून उठत म्हणाली, ‘माझी हाडं टोचून तुझे पाय मेले असतील. जरा खाली उतरून मोकळे कर.’

फुआतिनो हलली नाही. ती पाळकबाईंकडं पाहत होती. सगळे समुद्राकडं पाहत होते आणि सगळे ऐकत होते.

पाळकबाईंनी दाराकडं पाहिलं. वर क्रुसाकडं पाहिलं. त्यांना कळायला वेळ लागला, की कळलेलं बाजूला ठेवायला वेळ लागला, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. मग त्यांनी रूताच्या हातातून टोपली घेतली.

‘ऊन फार आहे फुआतिनो,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही इथं सावलीत बसा. अळू मी आणते.’

त्यांनी पाय बाजूला घेतले. फुआतिनो त्यांच्यापुढून वाकून, माफी मागत, आमच्याकडं थोरांपुढून जाताना जातात तशी गेली आणि उतरली. बस लगेच निघाली. बाजार येईपर्यंत गाणं लावायचं लेमेकीच्या लक्षात राहिलं नाही.

दुपारी मी दुकान सोडून त्याच बसनं परत निघालो. कॅथीड्रलसमोर फुआतिनो उभी होती. चढल्यावर पाळकबाईंनी टोपली तिच्या मांडीवर ठेवली. तिच्यात दोन कोबी होते.

‘अळू चांगले नव्हते,’ पाळकबाई म्हणाल्या. ‘आपल्या गावाचेच मऊ.’

यावर रूता इतकी मोठ्यानं हसली, की तिला कोणाच्या तरी मांडीवर धरून ठेवावं लागलं.

डोंगर चढताना इंजिन ओरडायला लागलं आणि त्या आवाजाच्या आडोशाला मला पुढून काहीतरी ऐकू आलं. फुआतिनो खिडकीकडं तोंड करून गुणगुणत होती. आमच्या चर्चमधलं ते नव्हतं. दुपारी कॅथीड्रलमधून दुकानापर्यंत येतं तेही नव्हतं. त्याहून सावकाश, प्रत्येक नावाच्या शेवटी खाली उतरणारं, दमलेल्या बाईनं पाण्याची घागर जमिनीवर ठेवावी तसं. पाळकबाईंनी डोळे मिटले होते. झोपल्या होत्या का, कोण जाणे.

नाताळनंतर किलिफी बापाच्या जागी बसला. एक म्हातारे पंच उठून गेले, पण ते दर वर्षी कशावरून तरी उठून जातातच.

फुआतिनो अजून दर शुक्रवारी बसमध्ये चढते.

‘कुठं निघालीस?’ रूता विचारते.

‘बाजारात,’ ती म्हणते, आणि कॅथीड्रल आलं की दोरी ओढते. टोपली रूताच्या मांडीवर पुढं जाते.