मेंढरं बसलेला बीच

आमच्या संभाजीनगरात दरवाजे चिक्कार आहेत, समुद्र मात्र एकही नाही. तरीही मी बीच पार्ट्यांचा धंदा काढला. वाळूजच्या कंपनीतली नोकरी सोडली तेव्हा बायकोनं एकच अट घातली होती, "ह्या उन्हाळ्यात जमलं तर ठीक, नाहीतर गुमान परत शिफ्टला जायचं." कंपनीचा भोंगा मला पुन्हा ऐकायचा नव्हता. त्यामुळे पहिली पार्टी गाजायलाच हवी होती.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरकतं आणि गंगापूरच्या बाजूला काठाची गाळाची जमीन उघडी पडते. वाळलेला गाळ फोटोत अगदी वाळूसारखा दिसतो. तसलीच एक पट्टी एका शेतकरी काकांनी मला एका संध्याकाळपुरती दिली. मी डीजे ठरवला, नारळपाणीवाला ठरवला आणि पार बजाजनगरपर्यंत जाहिरात केली.

दुपारी टेम्पो घेऊन पोचलो, तर माझ्या बीचवर मेंढरंच मेंढरं. निवांत रवंथ करत बसलेली.

"भाई, इत्ती पब्लिक अब्बीसे आ गई?" डीजे म्हणाला. त्याला तिथंच पाण्यात ढकलून द्यावं, असं मला वाटलं.

काका बांधावर उभे होते. "काका, हे काय?"

"मेंढरं बसवलीत रानात. लेंड्यांचं खत लई भारी."

"अहो, पण आज माझी पार्टी आहे!"

"व्हय, मग? जागा मोठी हाय. तुमी नाचा, ते बसतील."

आपलं काही चुकलंय असं त्यांना शेवटपर्यंत वाटलं नाही. मी मेंढरांच्या मालकाला, म्हणजे धनगर मामांना हात जोडले. ते शांतपणे म्हणाले, "आता नाय हलत. एक मेंढी आत्ताच व्यालीय. आन् काकांनी शब्द दिलाय." शब्द मलाही दिला होता, पण मी काही व्यालो नव्हतो.

शेवटी मामांच्या हुकमानं स्पीकरची तोंडं पाण्याकडं फिरवली आणि आवाज बारीक केला. फुलाफुलांचे शर्ट घालून लोक उतरायला लागले. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

पहिल्याच मुलीला ते नुकतं जन्मलेलं कोकरू दिसलं आणि ती मटकन खाली बसली. मग नाचायची जागा ओस आणि कोकरापुढं रांग. मामांची बायको, म्हणजे मामी, मध्ये उभ्या राहून सगळ्यांना दटावत होत्या, "आधी दूध पिऊ द्या त्याला!" माझ्या डीजेकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही, याचा मला भयंकर राग आला. पण अंधार पडेपर्यंत एकही माणूस घरी गेला नाही.

दुसऱ्या दिवशी फोनवर फोन. "पुढची पार्टी कधी? मेंढ्या असतील ना?"

मी ऐटीत मामांना फोन लावला. "मामा, शनिवार पक्का करा."

"शनवारी नाय जमायचं. सिल्लोडकडं एकाच्या रानात मेंढरं बसवायचं बोललंय. फुडं आणिक दोघांच्या."

"मग मोकळे कधी?"

"पाऊस पडल्यावर."

म्हणजे उन्हाळा संपल्यावर. बायको समोरच बसून ऐकत होती. तिच्याकडं न बघता मी विचारलं, "मामा, सिल्लोडच्या त्या रानात पाणी आहे का?"

"हिर हाय की."

संध्याकाळी मी जाहिरात टाकली. बीच पार्टी, सिल्लोड, विहिरीकाठी.