हरणाच्या केसांची मासळी

बायको जाऊन अकरा महिने झाले तेव्हा मी घराला कुलूप लावलं आणि अमेरिकेला निघालो. हौस म्हणून नाही. आमची एकुलती एक मुलगी सुगंधा तिकडे बेलव्ह्यू गावात कॉम्प्युटरचं काम करते. आई गेली तेव्हा व्हिसाच्या भानगडीत तिला येता आलं नाही. फोनवर रडत म्हणाली, "बाबा, वर्षाचं पान तरी माझ्या हातून होऊ दे. तू इकडे ये."

वर्षाचं पान म्हणजे गेलेल्या माणसाला वर्षश्राद्धाला वाढलेलं त्याच्या आवडीचं जेवण. आम्ही रेवदंड्याकडचे कोळी, आमच्या पानात मासा लागतो. चाळीस वर्षं मी धरला, बायकोनं विकला, तिनंच रांधला. या पानाला मासा माझ्याच हातचा, हे मी निघतानाच ठरवलं होतं.

विमान उतरताना खाली पाणीच पाणी दिसलं. बरं वाटलं. पण गावात मासळीचा वास म्हणून नाही. दुकानात सामन नावाचा गुलाबी मासा काचेत ठेवलेला, ना डोकं ना शेपटी.

"ताजा आहे का शिळा, कळायचं कसं?"

"बाबा, लेबल असतं ना."

"लेबल वाचून मासा घेणारी तुझी आई नव्हती."

मी असा तोंडाचा फटकळ. दुसऱ्या दिवशी सुगंधानंच मला दोन घरं पलीकडच्या डॉक्टरकाकांकडे नेलं. मूळचे नागपूरचे, जन्म इथल्या दवाखान्यात काढून आता निवृत्त झालेले. त्यांना गळ टाकायचा नाद. गाडी ठेवायच्या खोलीत त्यांनी टेबल मांडलं होतं. त्यावर एक लहानसा शिकंजा, त्यात उलटी धरलेली गरी (गळाचा आकडा), बाजूला पिसं, केस, चकचकीत दोरे.

"या कोळीभाऊ! नागपूरच्या माणसानं कोळ्याला मासे धरणं शिकवायचं, असे दिवस आले बाप्पा."

आमिष म्हणून ते खरा मासा लावत नाहीत. गरीवरच खोटी मासळी बांधतात. आधी दोरा घट्ट गुंडाळायचा, मग हरणाच्या शेपटीचे केस चिमूटभर, त्यावर चांदीसारख्या दोन-तीन तारा, शेवटी डोळा काढायचा. मी जाळी विणलेला माणूस, मला काय अवघड? मूठभर केस घेऊन आवळून बांधले.

"हे काय झाडू बांधून राहिले का?" डॉक्टरांनी ब्लेडनं सगळं कापून टाकलं. "इथल्या किनाऱ्याला सुईएवढी बारीक मासळी असते. ट्राउट तिच्यामागे येतो. जाड दिसलं की तो तोंड फिरवतो."

इथला हा ट्राउट म्हणजे नदीत जन्मून समुद्रात चरायला येणारा मासा. माझ्या आणखी दोन मासळ्या त्यांनी कापल्या. चौथ्या वेळी मोजून वीस केस घेतले. झाली ती आमच्या मांदेलीपेक्षाही बारीक. डॉक्टरांनी ब्लेड खाली ठेवलं, म्हणजे जमली. मग त्यांनी पक्कड घेऊन गरीचा उलटा काटा दाबून सपाट केला.

"अहो, मासा सुटेल की!"

"इथं तसाच नियम आहे, भाऊ."

मी पुढचं विचारलं नाही. तिथेच चुकलो.

वर्षाच्या आदल्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी माझा परवाना काढला आणि आम्ही तासभर गाडीनं समुद्रावर गेलो. वाळू नाही, नुसते गोटे. समोर बर्फाचा डोंगर. पाणी इतकं गार की रबरी बुटांतून पाय बधिर. पहिल्याच फेकीला माझी गरी डॉक्टरांच्या टोपीत अडकली.

"मी ट्राउट नाही!" ते ओरडले.

फेकणं त्यांचं, पण पाणी मला कळत होतं. ओहोटी लागलेली. टोकाच्या खडकाआड पाणी वळसा घेत होतं.

"मासा तिथे असणार," मी म्हटलं.

"इतक्या वर्षांत मी तिथे टाकलं नाही."

मी टाकलं, आणि दोरी हातानं थांबत थांबत ओढली. तिसऱ्या ओढीला हिसका बसला. मासा काठावर आणला. हातभर, अंगावर काळे ठिपके, गळ्याखाली ब्लेडनं ओढल्यासारखी तांबडी रेघ. मी मारायला गोटा उचलला.

"थांबा! तो सोडावा लागतो. समुद्रात धरलेला हा मासा घरी न्यायला बंदी आहे."

"उद्या माझ्या बायकोचं वर्ष आहे. तिच्या पानासाठी धरलाय."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "आधी सांगायचं ना, भाऊ." मग पाठ फिरवून डोंगराकडे बघत बसले. मला समजलं. आता माझं मी ठरवायचं.

गावी एका पावसाळ्यात मासेमारीला बंदी असताना मी होडी काढली होती. घरात काही नव्हतं. पाटीभर मासळी आणली. बायकोनं पाटीला हात लावला नाही. "चोरीची मासळी मी बाजारात नेणार नाही आणि चुलीवर ठेवणार नाही. आणली त्यानं खावी." मग दोन दिवस बोलली नाही. ती बाई मेली म्हणून काय बदलली?

शिवी हासडली आणि गोटा टाकला. काटा दाबलेला, गरी सहज निघाली. मासा पाण्यात धरून ठेवला, त्याला पुन्हा तरतरी येईपर्यंत. मग गेला. मी गोट्यांवर बसून रडलो, वर्षात पहिल्यांदा. डॉक्टरांनी वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुगंधानं दुकानातल्याच माशाचं कालवण केलं, आईसारखं, आंबट जरा जास्त. पान लेकीलाच वाढू दिलं. पानासमोर मी सांगून टाकलं, "मिळाला होता गं. बंदीचा होता, सोडला."

महिन्यानं परत आलो. वाडीतले लोक चिडवतात, अमेरिकेला जाऊन किती मासे मारलेस? मी म्हणतो, एक धरला, सोडला. हसतात. बायको असती तर हसली नसती. तिनं आधी विचारलं असतं, केवढा होता?

परवा घरात एकटाच होतो. हात पसरून दाखवलं, एवढा. होता त्यापेक्षा जरा मोठाच.