भाऊजी आणि नागपूरची काच

भाऊजी गिऱ्हाइकाला कधी जागेवरून हलवत नसत. स्वतःच कॅमेरा उचलून पुढे सरकत. आर्वीतल्या त्यांच्या फोटोच्या दुकानात कुणी 'जरा जवळून काढा' म्हटलं की म्हणत, "कॅमेऱ्याची काच थोडीच चालत येते? मलेच या लागते." लग्नात तर नवरीच्या इतके जवळ जात, की म्हाताऱ्या बायका त्यांना हाताने मागे ढकलत.

अशा माणसाला माझ्या ताईने लांब उभं केलं. ताई माझी थोरली बहीण, भाऊजींची बायको. तिला महारोग झाला आणि ती वर्ध्याजवळच्या रोग्यांच्या वस्तीत राहायला गेली. औषध लागू पडलं. आता धोका नाही, असं डॉक्टर सांगत. पण चेहरा बदलला होता, आणि ताई ऐकेना. भाऊजी दर रविवारी जात. ती शेताच्या पलीकडे पदर नाकापर्यंत ओढून उभी राही. "तिथूनच बोला. अन् पोरीले आणू नोका." त्यांची पोर माझ्याकडे वाढत होती. ती मला 'आई' म्हणाली, त्या दिवशी भाऊजी ताटावरून उठले.

एकोणसाठ साली नागपूरच्या एका व्यापाऱ्याने नवा कॅमेरा आणला. त्याची काच फिरवली की लांबचं जवळ येई. तीन काचांचं काम ती एकटी करी. बदल्यात त्याला भाऊजींचा मोठा कॅमेरा आणि साऱ्या काचा हव्या होत्या. आठवडाभर वापरून बघा, म्हणाला. भाऊजींनी दुकानाची पाटी, बैलगाडी, माझा चेहरा, सगळं काढून पाहिलं. कडा पुसट येत. सावलीत काहीच धड येईना.

"सारं करते, पण एकही नीट नाई करत," ते म्हणाले.

"मग परत द्या, भाऊजी."

ते एकदम चिडले. "अन् तुह्या बहिणीले कशानं पाहू?"

रविवारी त्यांनी रस्त्यावरच्या निंबाआडून ताईचा फोटो काढला. ती कापूस वेचत होती, पदर खाली होता, शेजारणीशी हसत होती. फोटो धुतला तर चेहरा तिळाएवढा. मोठा केला तर नुसते ठिपके. तो ओला कागद हातात धरून भाऊजी लहान मुलासारखे रडले. "दुकान देऊन टाकलं तरी तुही बहीण दिसत नाई. अन् चोरी केली ते वेगळीच."

काच परत गेली. पुढच्या रविवारी मोठा कॅमेरा खांद्यावर घेऊन ते सरळ शेतात शिरले. मी सोबत होते, बांधावर थांबले.

"काऊन येऊन राह्यले? लांब राहा!" ताई ओरडली.

"तुहा फोटो चोरून काढला मी. तू दिसलीच नाई. पोरीले काय दाखवू, सांग!"

ताईने पाठ फिरवली. मग वळली आणि तिने पदर खाली घेतला. भुवया गेल्या होत्या, कान सुजले होते. भाऊजींनी फोटो काढला.

दुकानात ते सगळ्यांच्या फोटोतले डाग पेन्सिलीने मिटवत. या फोटोला त्यांनी पेन्सिल लावली नाही. तसाच पोरीच्या हातात दिला, आणि बघून बघून तिची भीती गेल्यावर तिला घेऊन आम्ही वस्तीवर गेलो. ताई पळाली नाही. मातीतच खाली बसली. पोर हळूहळू पुढे गेली आणि तिने ताईच्या कानाला बोट लावलं.

"दुखते?"

"नाई व माय. तिथं तुहा हातही समजत नाई मले." ताईने ते बोट धरलं आणि आपल्या कपाळावर नेलं. "इथं लाव. इथं समजते."

भाऊजी माझ्या शेजारी बांधावरच बसून राहिले.