फोटो लावलेलं वाण

उद्यानाच्या तिकीटखिडकीत शैलाच्या फोटोवर शिक्का बसला आणि मला फार बरं वाटलं. या मैत्रिणीला यंदा संक्रांतीचं वाण म्हणून मी टेकडीवरच्या उद्यानाचा वर्षभराचा पास घेतला. आजवर मी दिलेली साडी तिने नणंदेला दिली, पर्स लेकीला. स्वतःसाठी काही ठेवून घ्यायचं असतं, हे आपल्या बायकांना कुणी शिकवतच नाही.

पास बघून ती म्हणालीच, “अगं, ह्यांना डॉक्टरांनी फिरायला सांगितलंय. त्यांना वापरता येईल का?”

“नाही. फोटो तुझा आहे. तू गेली नाहीस तर फुकट जाऊ दे.”

ती फोटोकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “ह्यांच्या चहाच्या आधी उघडतं का गं फाटक?”

“नेमकं चहाच्याच वेळेला उघडतं,” मी ठणकावून सांगितलं.